पापांची होडी, दिसते तेवढी

दिसते.

पांढरी, पुढून निमुळती, वरून उघडी. पापांची पांगा, मासेमारीची इंजिनवाली होडी. पलीकडच्या किनाऱ्यावरून सुटली आहे आणि आमच्या बेटाकडे येते आहे. मधलं पाणी सगळं फेसाळलंय. पहाटेपासून नोर्ते सुटला आहे, हिवाळ्यातला उत्तरेचा वारा. लोरेतोचं बंदर बंद. आमच्या कयाक, एकेका माणसाच्या अरुंद होड्या, वाळूत पालथ्या घालून दोरांनी बांधलेल्या.

आज कुणी पाण्यात जात नाही. पापा निघालेत, कारण इथून धूर गेला.

दिसत नाही.

दोन लाटांमध्ये पांगा खाली जाते तेव्हा दिसत नाही. तेवढ्यात सांगते.

मी आणि माझा चुलतभाऊ एवारिस्तो पाहुण्यांना घेऊन या किनाऱ्याने कयाक वल्हवत जातो, रात्री वाळूवर तंबू ठोकतो. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर, खडकाआड. दिवसा उघड्यावर जाळ करायचा नाही, हे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. का, ते सांगत नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला कशाला सांगायचं, की इथल्या कोळ्यांत दिवसाचा धूर म्हणजे माणूस जखमी आहे, वारा असो नसो, निघा.

दिसते.

नाक वर, मग धाडकन खाली. मागे पापा उभे. बसून चालवत नाहीत ते कधी. बसलेल्या माणसाला लाट दिसत नाही म्हणतात.

दिसत नाही.

डेलचे मोजे ओले होते. आमचा एक पाहुणा, कॅनडाचा निवृत्त शाळामास्तर, गोड माणूस. काल रात्री एवारिस्तोच्या हातचं सुकं मांस, मचाका, आणि तोर्तिया तीनदा मागून खाल्ल्या आणि त्यालाच लग्नाची मागणी घातली. एवारिस्तो म्हणाला, आधी माझ्या आईशी बोला, ती नाही म्हणेल.

आज आम्ही दोघं कयाकचे दोर आवळत होतो तेव्हा डेलने वाळलेल्या कार्दोनच्या फांद्या गोळा केल्या आणि मोजे वाळवायला पेटवल्या. या निवडुंगाचं लाकूड कागदासारखं पेट घेतं. मी धावत आले, बादलीभर समुद्र त्यावर ओतला. मग खरा धूर झाला. पांढरा, जाड. कड्याच्या आडोशाने सरळ वर चढला आणि माथ्यावर गेल्यावर वाऱ्याने दक्षिणेकडे वाकला. पलीकडे पापांच्या झोपडीतून दिसला असेल.

एवारिस्तो म्हणाला, "आधी नुसती हाक गेली होती. आता बोंब मारलीस."

दिसते. जवळ आली.

दिसत नाही.

रेडिओवर हाका मारून झाल्या. पापा रेडिओ सकाळी हवामान ऐकण्यापुरता लावतात, मग बंद करतात, बॅटरी जपायला. मागे मी त्यावरून भांडले होते. ते म्हणाले, "मी काय मंत्री आहे? तुला लागलं तर धूर कर, येतो की." बंदराला कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं, नाव विचारलं, वय विचारलं. वारा पडेपर्यंत होडी सोडता येणार नाही म्हणाले. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हणाले असते.

म्हणून आम्ही सगळे किनाऱ्यावर उभे आहोत. हात हलवतो आहोत, मागे फिरा, मागे फिरा. लांबून ते या, या असंच दिसत असणार. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी सगळ्यांचे हात खाली करवले.

दिसते.

आवाज येत नाही. इतक्या जवळ आल्यावर इंजिनाचा आवाज यायला हवा. पांगा आडवी झाली आहे. पापा वाकून इंजिनाची दोरी ओढतात, पुन्हा ओढतात. मग दोरी सोडून कापलेल्या डब्याने पाणी उपसायला लागतात.

मी एका कयाकचे दोर सोडले. कमरेएवढ्या पाण्यात गेले तेव्हा एवारिस्तोने पुढचं टोक धरलं.

"सोड."

"नाही सोडत."

"पापा आहेत ते."

"मला कोण आहेत मग? काका गेले वाहत, मागून तू, आणि या माणसांना मी घेऊन बसू? पुढ्यात कुणाला घेणार आहेस तू, या काडीत?"

ते बरोबर होतं. म्हणून मी त्याच्या हातावर वल्हं मारलं. त्याने टोक सोडलं नाही.

दिसते. अजून दिसते.

किनाऱ्यासमोरून जाते आहे, बाजूने, दक्षिणेकडे. त्यांची टोपी ओळखू येते. पापा उपसायचं थांबले आणि सरळ उभे राहिले. आमच्याकडे बघत हाताचं बोट हलवतायत. मला कळायला वेळ लागला. मोजतायत. आडवं कुणी नाही ना, बघतायत. माझ्यापाशी येऊन बोट थांबलं.

मग त्यांनी हात वर केला. ठीक आहे, असा. बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यावर करतात तसा. आणि पुन्हा खाली बसून पाणी उपसायला लागले.

बसून.

दिसत नाही.

दिसते.

दिसत नाही.

आता बेटाच्या टोकावरच्या टेकाडाआड. मी वाट बघितली, पलीकडून निघेल म्हणून. तिकडे नुसता फेस.

दक्षिणेला, वाऱ्याच्या वाटेवर, एकच वस्ती आहे. क्रेसेन्सिओ आणि त्याची बायको, मुलगी, एक पांगा. त्याचाही रेडिओ लागत नाही. मघाचा धूर टेकाडाआड राहिला असेल, मोठा केला तर मात्र त्याला दिसेल. धूर दिसला की तो निघेल, विचारणार नाही.

मी कार्दोनच्या फांद्या गोळा करायला लागले. एवारिस्तोही लागला. पाहुणेही लागले, न सांगता. छातीएवढा ढीग झाला. डेल त्याचा लायटर घेऊन आला. त्याने लायटर माझ्यापुढे धरला.

क्रेसेन्सिओची मुलगी गेल्या खेपेला किनाऱ्यावर आली होती. बापासारखी उभ्याने वल्हं मारायला शिकत होती.

मी एवारिस्तोकडे पाहिलं. तो ढिगाकडे बघत होता.

वारा अजून तसाच होता.

मी डेलच्या हातातून लायटर घेतला आणि खिशात घातला.

दिसत नाही.