गुरुवारची रोझरी

"कात्री खिशात, चामडं बुडाखाली, माळ हातात. आणि नजर खाली ठेवा गं पोरींनो."

म्हाताऱ्या मालकिणीचा, दोन्ना कोन्चेताचा हा आवाज सव्वीस वर्षं झाली तरी नुन्त्सियाच्या कानातून गेला नव्हता. सानिता वस्तीच्या उतारावर, तळमजल्यावरच्या कारखान्यात नुन्त्सियासह सात बायका कोकराच्या चामड्याचे हातमोजे शिवायच्या. मोजे पॅरिसला जायचे. बायकांची नावं मात्र कुठल्याच कागदावर जायची नाहीत. मजुरी शनिवारी, रोख, बिघडलेल्या एकेका मोज्यात कोंबून मिळे. दार अनोळखी हाताने वाजलं की यंत्रांवर चादरी पडायच्या आणि सातही जणी चर्चच्या भाविक व्हायच्या. म्हातारीने रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तेवढ्यासाठीच घोटून घेतली होती.

म्हातारी गेली, मुलगा अनियेल्लो मालक झाला; सगळे त्याला मानाने 'दोन अनियेल्लो' म्हणत. रोझरी तीच राहिली.

मार्चमधल्या एका सकाळी कर खात्याचे पोलिस आले. जमादार दारातच थांबला, टोपी काढली आणि पन्नासही 'नमो मारिया' संपेपर्यंत हात बांधून उभा राहिला. मग म्हणाला, "गोड म्हणता. पण आज गुरुवार आहे. दुःखाची रहस्यं मंगळवारची आणि शुक्रवारची. एवढं माझ्या आईने मला शिकवलंय."

कुणी मान वर केली नाही. रोझरीतल्या रहस्यांचा संच वारागणिक बदलतो, पण म्हातारीने एकच शिकवला होता. वार बघायला कुणाला फुरसत होती? जमादाराने जवळची चादर उचलली आणि यंत्रावर हात ठेवला. यंत्र अजून गरम होतं.

दोन अनियेल्लोने जबाब दिला: बायका प्रार्थनेलाच येत, यंत्रं तो एकटाच चालवी. आता एकेकीला कर कचेरीत बोलावणं होतं. नुन्त्सियाच्या पाळीच्या आदल्या दिवशी तो गोडाचा पुडा घेऊन तिच्या घरी आला.

"कारखान्यातली तितिना कचेरीत सांगून आली, रोझरीला जात होते म्हणून. तूही तेच सांग."

"तितिनाचा नवरा टपालात आहे. त्याची पेन्शन येईल घरात. माझं काय?" नुन्त्सिया म्हणाली. एकसष्ट वर्षांची विधवा. सुईत दोरा ओवायला तिला आता शेजारीण लागे. पेन्शनच्या खिडकीवर तिच्या नावापुढे कोरी जागा निघाली होती.

"शिवत होते म्हणालीस तरी काय मिळणार? पाच वर्षांमागचा पेन्शनचा सगळा हप्ता कायद्याने मेलाय, आता वसूल होत नाही. उरल्या पाचांत पेन्शन बसत नाही. वर ती रोख तुझी लपवलेली कमाई ठरेल. कर तुझ्यावरही बसेल, दंडासकट. खोटं सांगत असेन तर वकिलाला विचार."

तिने विचारलं होतं. तो खरं तेच सांगत होता, आणि हेच तिला जास्त लागलं.

"तुम्ही हप्ता भरला असतात तर मेला नसता, दोन अनियेल्लो."

"भरला असता तर कारखाना मेला असता. मग तुझ्या लेकीला दूध कुठून पाजलं असतंस?" तो उठला. "बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून मीच धरलं होतं तिला. विसरू नकोस."

कचेरीत खिडकीपाशी ऊन होतं. समोरची अधिकारी तिच्या लेकीच्या वयाची. नखं रंगवलेली, बोटं सरळ. नुन्त्सियाने स्वतःची बोटं मांडीवर घेतली. दोन बोटं आता उघडत नव्हती. सुई धरल्यासारखीच वळून राहिली होती.

"बाई, त्या कारखान्यात तुम्ही कशासाठी जात होतात?"

कोपऱ्यात मालकाचा वकील पेनाचं टोपण काढून बसला होता. सांगावं तर पेन्शन नाही, वर कर. न सांगावं तर कर नाही, पण मग ती सव्वीस वर्षं तरी कुणाची? नवरा गेला त्या आठवड्यातही तिने बारा जोड दिले होते. तेही प्रार्थनेत जमा होणार होते.

"बाई?"

"शिवायला," ती म्हणाली. "हातमोजे शिवायला जात होते. दिवसाला दहा तास, सव्वीस वर्षं. पैसे रोख मिळायचे."

अधिकारी पेन रोखून म्हणाली, "हे लिहिलं तर कर तुमच्यावरही निघेल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. लावा कर. पण त्या कागदावर लिहा, की ही बाई काम करत होती."