आजोबांचा पेला

बाईंनी घेवड्याच्या बिया टेबलावर ओतल्या, तशी बालवर्गातली सगळी मुलं त्यावर तुटून पडली. फक्त चिऊ जागची हलली नाही. तिनं दाराशी बसलेल्या आजोबांचं बोट घट्ट धरलं होतं. ते नजरेआड झाले की ती रडून वर्ग डोक्यावर घेई, म्हणून शाळा सुरू झाल्यापासून आजोबा त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसत.

"आजोबा, नुसते काय बसताय? तुम्हीही लावा," म्हणत बाईंनी मातीनं भरलेला एक कागदी पेला त्यांच्या हातात दिला, एक चिऊला.

आजोबांचा सगळा जन्म बस चालवण्यात गेला होता. त्यांनी बी अंगठ्यानं पार तळाशी दाबलं.

"एवढं खोल नाही," चिऊ म्हणाली. "वर येताना त्याला दम लागेल."

तिनं बोट सोडलं, माती उकरली आणि बी वर आणून ठेवलं.

"बी आधी पाणी पितं," बाई सांगत होत्या. "मग फुगतं, खाली मूळ सोडतं आणि मगच वर डोकं काढतं."

पुढे खिडकीतल्या पेल्यांतून एकेक कोंब वर आला. चिऊचाही आला. आजोबांच्या पेल्यात मात्र नुसतीच माती. चिऊ रोज त्यात डोकावायची, झारीनं बेतानं पाणी घालायची. या गडबडीत आजोबा चहा पिऊन आले तरी तिला पत्ता लागेना.

एका सकाळी फाटकाशीच ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही घरी जा. तुमचं आलं की मी सांगीन."

आजोबा थोडा वेळ तिथंच घुटमळले, मग गेले.

दुपारी चिऊ बाईंचा पदर ओढत आली. आजोबांच्या पेल्यात माती उचलून एक हिरवट वाकडी मान वर आली होती.

"अरे वा. आता आजोबांना सांगायचं ना?"

चिऊनं मान हलवली. "आज नको. सांगितलं तर ते परत इथंच बसतील."

तिनं तो पेला सगळ्यांच्या मागे सरकवला.

शाळा सुटायच्या आधीच आजोबा येऊन खिडकीबाहेर उभे होते. काचेला अगदी चिकटून त्यांचा पेला होता. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

चिऊ दप्तर सावरत बाहेर आली.

"आलं का गं माझं?"

"अजून नाही."

आजोबांनी तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं.

"येऊ दे सावकाश," ते म्हणाले. "मला कुठं घाई आहे."