डाळिंबी गाडीवरच्या गोल रेघा

ती बातमी आली तेव्हा जावेदभाई मला एका पांढऱ्या गाडीच्या दारावरून फिरवत होते. सकाळचं कोवळं ऊन होतं, मुकुंदवाडी स्टेशनात एक पॅसेंजर येऊन थांबली होती, शेजारच्या टपरीवर भजी तळली जात होती. फोन वाजला. जावेदभाईंनी ओल्या हातानंच तो कानाला लावला. "कौन? बद्रीभाऊ? कसं काय... कालच तर बोलणं झालं," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी मला घडी घालून डब्यात ठेवलं आणि शटर खाली ओढलं.

मी त्या डब्यातला निळा गोळा बोलतोय. या धंद्यात मला क्ले म्हणतात. नावापुरती माती, बाकी रबरासारखं लवचिक अंग. माझा जन्म एका कारखान्यात झाला आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसून मी जावेदभाईंच्या गाडी धुण्याच्या दुकानात आलो.

माझं काम तसं साधं. गाडी कितीही धुतली तरी रंगावर काहीतरी चिकटून राहतंच. रस्त्याच्या डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, वाळूजच्या कारखान्यांकडच्या हवेतला लोखंडाचा बारीक चुरा. साबणाच्या पाण्यानं रंग ओला करायचा आणि मला हलकेच फिरवायचं. चिकटलेलं सगळं मी माझ्या अंगात ओढून घेतो. मळलो की मला दुमडतात, आतली स्वच्छ बाजू वर येते आणि मी पुन्हा कामाला लागतो. मात्र जे रंगाच्या आत उतरलंय, त्याला माझा इलाज नाही. मी फक्त वर बसलेलं काढतो.

बद्रीनाथ जावेदभाईंचे जुने गिऱ्हाईक. बजाजनगरला राहायचे, कंपनीत होते. डाळिंबी रंगाची त्यांची गाडी मला चांगली ओळखीची होती. गाडी आणायचे ते निमित्तच. खुर्ची टाकून बसायचे आणि गप्पा सुरू. त्यांना हौस अशी त्या गाडीचीच होती. कंपनीत काम करता करता ते खाली बसले ते उठलेच नाहीत, असं जावेदभाई नंतर कुणाला तरी सांगत होते.

काही आठवड्यांनी रत्नमालाताईंचा, म्हणजे बद्रीनाथांच्या पत्नीचा फोन आला. गाडी चालवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून जावेदभाई मला, मशीनला आणि बाकी सामानाला पिशवीत घालून बजाजनगरला गेले.

फाटकातच द्वारकाबाई उभ्या होत्या, बद्रीनाथांच्या आई. "ये रे जावेदा. बघ, कशी लखलखीत केली मी! तांब्याचं घंगाळ बी इतकं चमकत नाय."

जावेदभाई बॉनेटवर वाकले. ऊन तिरपं पडलं होतं आणि सगळ्या बॉनेटभर गोल गोल रेघा उमटल्या होत्या. द्वारकाबाई पाण्याची बादली आणायला आत गेल्या तशा रत्नमालाताई हळू आवाजात म्हणाल्या, "तेराव्याला माणसं येणार, आणि गाडीवर पाखरांनी घाण केलेली. आईंनी देवाच्या भांड्यांची चिंच अन् राख घेतली आणि काथ्यानं घासून काढलं. मी पाहिलं तोवर झालं होतं."

"भाभी, अब क्या बोलू मैं..."

"बोलू नका, तेवढ्या रेघा घालवा. उद्या दौलताबादहून आप्पासाहेब येतायत, आईंचे धाकटे भाऊ. माणूस मनाचा चांगला, पण जिभेला हाड नाही. कुणी वाट लावली गाडीची, असं पहिल्यांदा तेच विचारतील. आईंना कळायला नको. आत्ता कुठं दोन घास खाताहेत. मुलाची गाडी आपल्या हातानं खराब झाली हे कळलं, तर पुन्हा ताटावरून उठतील."

जावेदभाईंनी मान हलवली. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू दिली, मग मला हातात घेतलं. दारं झाली, बॉनेट झालं. बदामाच्या झाडाचा चीक, वाळलेल्या घाणीचा राहिलेला थर, लोखंडाचे कण, सगळं माझ्यात आलं. रेघा मात्र जशाच्या तशा. त्या मशीननं, पॉलिश लावून काढायच्या होत्या.

द्वारकाबाई बाजेवर बसून सगळं बघत होत्या. जावेदभाईंनी त्यांना एक गंमत दाखवली. "मावशी, ही प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला. आता डिकीवर फिरवा. लागतंय खरखरीत? आणि आता इथं, बॉनेटवर."

"अगं बाई! लोण्यावानी लागतंय." त्यांचा हात बॉनेटवर फिरत राहिला आणि मग थांबला. "अन् ह्या रेघा रे? ह्या कशानं जातील?"

जावेदभाई गडबडले. "रेघा? कुठं काय, मावशी..."

"नको फसवू मला. मला काय दिसत नाय व्हय? दुसऱ्याच दिवशी उन्हात बघितलं. वाटलं, लेकाची एक वस्तू होती, ती बी मी घासून टाकली. पण रत्ना एक शब्द बोलंना. तिनं माझ्यासाठी गिळलं, मग मी बी लखलखीत लखलखीत म्हणत सुटले. तिला वाटावं, म्हातारीला कळलं नाय."

मागं दारात रत्नमालाताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "आई, तुम्ही पण ना!" म्हणत त्या ट्रे तसाच धरून रडू लागल्या.

"रडू नको आता, चहा सांडशील," द्वारकाबाई पदरानं स्वतःचे डोळे पुसत म्हणाल्या. "अन् तू रं जावेदा, बघत काय बसला? मिटव लवकर. आप्पा उद्या आला की सगळ्या दौलताबादला सांगत सुटंल, माझ्या बहिणीनं मोटार चिंचेनं घासली म्हणून!"

त्या दोघी हसल्या. त्या घरात आल्यापासून हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग द्वारकाबाईंना मी हवा झालो. "दे इकडं, डिकी मी करते. भाकरीच्या पिठावानीच हाय की हे." त्यांनी मला असं मळलं की तसं आजवर कुणी मळलं नव्हतं. डिकी होत आली होती. तेवढ्यात साबणाच्या पाण्यानं मी निसटलो आणि फरशीवर पडलो.

"उचल की, धुऊन घे," त्या म्हणाल्या.

"नाही मावशी. खाली पडला की रंगासाठी संपला. खडे आत जातात, तेच मग रेघा मारतात. जाऊ द्या, तसाही तो म्हातारा झाला होता."

"म्हणजे माझ्यावानी!" म्हणत त्यांनी मला उचललं. "मग ठेव माझ्यापाशी. चाकं पुसायला तरी येईल."

दुसरा गोळा जावेदभाईंनी आणलाच नव्हता, म्हणून छत तसंच राहिलं. त्यांनी मशीन लावलं. बॉनेटवरच्या बहुतेक रेघा गेल्या, दोन-चार खोल होत्या त्या राहिल्या. आप्पासाहेब दुसऱ्या दिवशी सीताफळं घेऊन आले, गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "गाडी चांगली ठिवली की. विकायची असंल तर आत्ताच..."

"विकायची नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "रत्ना शिकतीय."

रत्नमालाताईंनी चमकून सासूकडे पाहिलं. आपण गाडी शिकतोय हे त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. पण पुढच्या आठवड्यात त्या खरंच क्लासला जाऊ लागल्या.

आता मी त्यांच्या खिडकीत एका वाटीत असतो. चाकं पुसायला मला बाहेर काढतात. सकाळी रत्नमालाताई गाडी काढतात, शेजारच्या सीटवर द्वारकाबाई बसतात आणि ओरडतात, "हळू गं, त्या कुत्र्याला आधी जाऊ दे!" गाडी बंद पडते, पुन्हा सुरू होते, कोपऱ्यावरून वळते.

माझं तुम्हाला एकच सांगणं आहे. डाग दिसला की लगेच घासायला धावू नका. आधी पाणी सोडा, धूळ वाहू द्या, मग हलक्या हातानं पुसा. आणि मी हातातून पडलो, तर मला पुन्हा रंगाला लावू नका. दुसरं काही काम द्या, मी करीन.

जावेदभाई नवा गोळा घेऊन येतो म्हणाले होते, ते अजून आलेले नाहीत. गाडीचं छत तेवढं पुसायचं राहिलंय.