निम्मा घट

ही गोष्ट १९८६ सालच्या नवरात्रातली. धुळ्याजवळच्या कापडण्याला प्रमिला सून म्हणून आली, त्याला सहा महिने झाले होते. माहेर सावद्याचं, केळीच्या सावलीतलं. इथल्या उघड्या वावरात तिचं तोंड रापलं. म्हणून तिनं बाजारातून गोरं करायचं मलम गुपचूप आणलं आणि दोन दिवसांत गाल लालबुंद होऊन आग आग झाली. तिला धास्ती एकच, सासऱ्यांना कळलं तर? अभिमन नाना पावडर लावणाऱ्या बायांना पिठातले उंदीर म्हणत. त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं तिला.

सासू भिकुबाईंनी तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. "काय लायं वं पोरी?"

प्रमिला रडायलाच लागली.

भिकुबाईंच्या आईचा एक उपाय होता. गव्हाचे कोवळे अंकुर पाट्यावर वाटायचे, फडक्यातून पिळायचे, रस सायीत कालवून लावायचा. पण गहू पेरून अंकुर वाढायला आठवडा जाणार. देवापुढच्या घटात मात्र सातव्या माळेचे अंकुर वीतभर उभे. त्या घटाला भिकुबाई कुणाचं बोट लागू देत नसत. त्यांनी हात जोडले आणि कात्री घेतली.

"देवी बी बाईच शे. समजी लेई."

दसऱ्यापर्यंत आग थांबली, गाल निवळले.

दसऱ्याला नाना घटापुढे बसले. अंकुरांच्या वाढीवरून ते दरसाल रब्बीचा अंदाज सांगत. एका बाजूचे खुंट पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"औंदा निम्मं पीक. अर्धं वावर पेरानं नही."

भिकुबाई समईची वात सारू लागल्या. प्रमिलाला राहवेना.

"नाना, तो घट मी... तोंडाला लावला," ती रडत म्हणाली आणि मलमाचंही सांगून टाकलं.

नानांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग सुनेच्या गालांकडे.

"मंग रडस कसाले? बठ्ठं पीक सूनना तोंडवर उनं शे!" ते इतके हसले की ठसका लागला. "पेरा रे बठ्ठं वावर!" आणि त्यांनी सगळं वावर पेरायला लावलं.

नाना ९३ साली गेले. प्रमिला नवऱ्याच्या बदलीनं जळगावला, पिंप्राळ्यात आली. गल्लीतल्या पोरींच्या हळदीआधी गव्हाचे अंकुर वाटून तिच्या पाट्याला उसंत नसे. भिकुबाई शेवटची चार वर्षं तिच्याजवळच होत्या. सख्ख्या लेकी न्यायला आल्या, तरी गेल्या नाहीत.