गप्प बसलेली सासू

रुपरावची एक खोड गोपिकाबाईंना त्याच्या लहानपणापासून ठाऊक होती. गोष्ट साऱ्या गावाला सांगून झाली की मग आईला सांगायची, तीही तोंडात घास असताना, म्हणजे अर्धे शब्द भातात जावेत. या खेपेला मात्र त्याने तेवढंही केलं नाही. बाहुल्यांचा मांडव काढायचा, खालचा खड्डा मातीने बुजवायचा आणि त्या जागी विजेवर फिरणारी विमानं बसवायची, हे आकाशपाळणा फिरवणाऱ्या गड्यांना कळलं, सोमवारी मिस्त्री येणार हेही ठरलं. आणि ज्या बाईचे पाय त्या खड्ड्यात झिजले तिला ते कळलं गेटावरच्या फुटाणेवाल्याकडून. मांडवाची टिनं विकणार असाल तर चार आम्हाला द्या म्हणाला. गोपिकाबाईंनी हातातली फुटाण्याची पुडी परत त्याच्या टोपलीत ठेवली आणि टिनं अजून डोक्यावर आहेत, असं सांगून त्या घराकडे वळल्या.

बाग नागपूरच्या उमरेड रोडवर, शहर जिथं संपायचं तिथं होती. गोपिकाबाईंचे यजमान बाबनराव जातीचे कोष्टी. गिरणीचं कापड आलं, हातमागाचं लुगडं इतवारीच्या बाजारात कुणी विचारेना, तेव्हा घरातले माग त्यांनी एकेक करून मोडीत काढले. एक तेवढा ठेवला. बागेची जागा घेतली, हाताने फिरवायचा आकाशपाळणा आणला, लाकडी घोडे आणले, आणि तो ठेवलेला माग गेटाजवळ जमिनीत बसवला. कोष्ट्याचा माग जमिनीतच असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाखालच्या पावड्या दाबतो, पावडी दबली की वर ताणा उघडतो. बाबनरावांनी ताण्याच्या जागी दोऱ्या बांधल्या आणि दोऱ्यांना लाकडाच्या बाहुल्या. एक पावडी दाबली की सासऱ्याचा हात चाले, दुसरी दाबली की सून सुताची कांडी भरी. वर फळ्यांचा रंगमंच, भोवती पडदा, आणि पडद्याखाली, कुणाला दिसणार नाही अशा खड्ड्यात, गोपिकाबाई.

खेळ एकाच घराचा. सासरा विणतो, सून कांडी भरते, सासू पाटावर बसलेली असते. इतवारीचा व्यापारी येतो, लुगडं उलटंपालटं करतो आणि पडेल भाव सांगतो. डफवाले नत्थूजी बाजूला उभे राहून थापेवर ही गोष्ट सांगायचे. बाबनराव गेले, पण खेळ चालू राहिला.

गोपिकाबाईंनी तो खेळ कधी पाहिला नव्हता. चूल पेटवणारीला धूर दिसतो, पंगत दिसत नाही, तशातली गत. त्यांना खेळ ऐकू यायचा. व्यापारी लुगडं हुंगतो तिथं पोरं हसतात, सुनेची कांडी सुटते तिथं बाया हसतात, हे सगळं त्यांना पाठ होतं. फक्त एक हसू कळायचं नाही. व्यापारी भाव सांगतो, सगळे चूप होतात, आणि नत्थूजी म्हणतात, "सासूबाई गप्प बसल्या." झालं, एवढंच. त्यात विनोद नाही, बाहुल्यांची हालचाल नाही, आणि तरी तिथं मांडव कोसळल्यासारखं हसू यायचं. त्यांनी एकदा बाबनरावांना विचारलं होतं. ते म्हणाले, लोकांना गप्प बसलेली सासू दुसरीकडे कुठं पाहायला मिळत नाही. हा टोमणा आपल्याला आहे एवढं समजून गोपिकाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. नत्थूजींना विचारलं, तर ते डफ शेकायला निघून गेले.

घरी येऊन त्यांनी रुपरावला समोर बसवलं. तो चिडला नाही, हे वाईट. चिडलेल्या रुपरावला त्या दोन वाक्यांत गुंडाळत असत. तो शांतपणे सांगत राहिला की मांडव अर्धा रिकामा असतो, पोरं मधूनच उठून पाळण्याकडे पळतात, बागेत वीज आली तिचा खांब गेटाजवळ आहे, आणि खांबाजवळ जागा दोनच, एक मांडवाची नि एक त्याच्या ऑफिसच्या खोलीची. जमाना बदलला, असंही म्हणाला. जमाना काय लुगडं आहे का बदलायला, असं त्या म्हणाल्या, पण त्याने ते कानामागे टाकलं आणि शेवटी जे बोलला ते मात्र त्यांना लागलं.

"माय, तू म्हणतं खेळ चांगला आहे. तू पाह्यला का कधी?"

  गोपिकाबाई म्हणाल्या, "अन् तू बसला का त्या विमानात?"

तो बसला नव्हता. सदर भागातल्या मैदानात प्रदर्शन लागलं होतं, तिथं ती विमानं त्याने बाहेरून पाहिली होती. तेव्हा असं ठरलं की आधी विमान पाहू, मग खेळ पाहू, आणि तोवर मिस्त्रीने घरी बसावं.

प्रदर्शनात रुपराव खालीच राहिला. त्याला चक्कर येते हे त्याने तिथं गेल्यावर सांगितलं आणि आईच्या व बायकोच्या चपला हातात धरून तो कठड्याशी उभा राहिला. गोपिकाबाई आणि सून शामला एका निळ्या पत्र्याच्या विमानात बसल्या. मशीन घरघरलं, विमान उठलं, आणि गोपिकाबाई वाकून खाली पाहू लागल्या. खाली दिव्यांच्या माळा, लांब सीताबर्डीकडचा उजेड, आणि कठड्याशी चपला घेतलेला त्यांचा लेक फुटाण्याएवढा. शामलाने डोळे मिटून त्यांचा दंड धरला होता. त्यांनी तिला डोळे उघडायला लावले. पैसे मोजलेत, मिटून काय बसतेस, म्हणाल्या.

उतरल्यावर त्या पुन्हा बसल्या. मग मशीनवाल्या पोऱ्यापाशी गेल्या आणि त्याला सतावून सोडलं. याला फिरवतो कोण, लाईन गेली तर वर लटकलेल्याचं काय होतं, पट्टा कशाचा आहे, तेल कुठं घालतोस. त्याने हाताने फिरवायचं चाक दाखवलं, तेही त्यांनी फिरवून पाहिलं. तू स्वतः बसलास का कधी, असं विचारल्यावर तो लाजून नाही म्हणाला. गोपिकाबाईंना त्याच्याविषयी उगाच माया वाटली.

परतताना रिक्षात त्यांनी सरळ सांगून टाकलं की मशीन चांगली आहे, मला आवडली. रुपराव इतका खूश झाला की त्याने चपला अजून हातातच धरल्या होत्या हे त्याच्या लक्षात आलं नाही.

रविवारी खेळ पाहायची त्यांची पाळी. खड्ड्यात शामला उतरली. तशी ती आता नेहमीच उतरायची. गोपिकाबाईंचा गुडघा धरल्यापासून दोन वर्षं खेळ शामलाच्याच पायावर होता, आणि त्यांनी तिला शिकवलंही होतं कोष्ट्याच्या घरात शिकवतात तसं, पाठीत धपाटे घालून. पाय पावडीवरून उचलायचा नाही. ज्या विणणाऱ्याचा पाय उठतो त्याच्या कापडात भोक पडतं. शामला हुशार. तिचा पाय पावडीला शिवल्यासारखा असायचा. ती तयार झाल्यापासून गोपिकाबाई खेळाच्या वेळी घरीच राहत.

मांडवात गोपिकाबाई मधल्या ओळीत जाऊन बसल्या. शेजारी पारशिवनीकडची एक बाई होती, कांताबाई नावाची, मांडीवर नातू. तिने यांना ओळखलं नाही, ओळखणार कशी, यांना बागेत ओळखणारे सगळे बागेतलेच. ती लगेच आपली हकिकत सांगू लागली, की इतवारीत भांडी घ्यायला येतो तेव्हा दर साल इकडे येतो, आता नातवाला दाखवायला आणलं.

पडदा वर गेला आणि गोपिकाबाई पाहत राहिल्या. सासरा विणत होता. त्यांना फक्त पावडीचा कट्ट आवाज माहीत होता, त्या आवाजातून हा असा वाकलेला, खोकल्यासारखी मान हलवणारा म्हातारा निघतो हे नव्हतं माहीत. सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, ते कुणी सांगितलं नव्हतं. व्यापाऱ्याने लुगडं हुंगलं, पोरं हसली. पण दोन पोरं उठून पाळण्याकडे गेलीच. रुपराव खोटं बोलत नव्हता. खेळ नीट होता, एकही दोरी चुकत नव्हती, आणि तरी त्याच्यात भाजीत मीठ नसावं तसं काहीतरी नव्हतं.

मग व्यापाऱ्याने भाव सांगितला. सगळे थांबले. गोपिकाबाईंनी श्वास धरला, कारण आता ते हसू येणार होतं. नत्थूजींनी डफावर थाप मारली आणि म्हणाले, "सासूबाई गप्प बसल्या."

सासू गप्प बसली होती. पाटावर, समोर बघत, लाकडासारखी. कुणी हसलं नाही. मागे एकाने जांभई दिली.

"पाह्य ना," कांताबाई कुरकुरली, "याही साली नाई झटकली मान. मले वाटलं मागच्या साली दोरी तुटली असंन, आता तं जोडली असंन."

गोपिकाबाईंनी विचारलं, कोणाची मान. कांताबाईने सगळं सांगितलं. पहिले ही सासू अशी समोर पाहत बसायची, भाव ऐकायची, आणि तो माणूस म्हणायचा गप्प बसल्या, की मग थोड्या वेळानं हिची मान फटकन तिकडे व्हायची, पदर उडायचा, अन् ती व्यापाऱ्याकडे पाठ करून बसायची. जशी म्हणते, चाल, नीघ. "माही सासू अशीच करे. तिले पाहाले तं येत होतो मी इतल्या लांबून."

अशी कशी, गोपिकाबाई म्हणाल्या, आमच्याकडे सासवांना इतका माज नसतो. आणि म्हणता म्हणता त्यांनी मान फटकन वळवली.

कांताबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. "हाओ, अशीच. अगदी अशीच वं बाई."

 गोपिकाबाईंना आता सगळं दिसत होतं, जणू मांडवाच्या फळ्या काढून कुणी खड्डा उघडा केला होता. सासूची मान सरळ ठेवायला डावी पावडी दाबून धरावी लागते. व्यापारी भाव सांगेपर्यंत त्यांची डावी पोटरी भरून यायची, सगळ्या बाहुल्या थांबल्या की त्या जरा पाय उचलून घ्यायच्या, आणि वर सासूची मान फिरायची. कोष्ट्याच्या लेकीने करू नये ते करायच्या, कारण तिथं कोण पाहतंय. सारं नागपूर पाहत होतं. आणि बाबनरावांना माहीत होतं, नत्थूजींना माहीत होतं. बाहुलीच्या नाकातली नथही त्यांच्याच नथीसारखी होती, तेही त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

राग आला. पण रागाच्या मागे उभं राहून दुसरंच काहीतरी त्यांना ढकलत होतं. हे करून बघायला हवं.

पुढच्या खेळाला त्या शामलाला वर काढून स्वतः खड्ड्यात उतरल्या. गुडघा करकरला. नत्थूजी म्हणाले, "सासूबाई गप्प बसल्या," आणि त्यांनी लगेच पाय उचलला. हसू आलं, पण तोकडं, शिंकेसारखं. त्या विचारात पडल्या. मान तर तीच, मग काय कमी झालं? मग लक्षात आलं, की सासू इतक्या लवकर मान फिरवत नाही. ती आधी सोसते. सोसवत नाही तिथवर सोसते.

त्यानंतरच्या खेळाला त्यांनी पाय दाबून धरला. नत्थूजींचे शब्द झाले, डफ थांबला, पोटरी थरथरू लागली, वर सासूची मानही थरथरत असणार, कारण मांडवात पोरं आधीच खुदखुदू लागली होती. तरी धरला. आणि मग सोडला.

हसण्याने वरच्या फळ्या हादरल्या. खाली अंधारात गोपिकाबाईंनाही हसू आवरेना, त्यांचा पाय पुन्हा पावडीवर पडला नि घसरला, सासू हसल्यासारखी गदगदली, आणि लोक दुसऱ्यांदा हसले. हे यापूर्वी कधी झालेलं नव्हतं. शामला पडद्याच्या फटीतून पाहत होती, तिने सांगितलं की उठलेली पोरं परत येऊन बसली.

खेळ संपल्यावर रुपराव त्यांना वर काढायला आला. खड्ड्याच्या काठावर बसून त्याने हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण उठल्या नाहीत.

"तुले माहीत होतं, मान कोणाची ते?"

तो म्हणाला, लहानपणापासून. मग त्यांनी विचारलं, शामला उतरायला लागल्यापासून ते हसू गेलं हेही माहीत होतं का? त्याने जमिनीकडे पाहिलं. म्हणाला, "तुले कोण सांगन, माय? तू रागानं खेळच बंद केला असता."

"म्हणून तू बुजवाले निंघाला."

 गोपिकाबाईंनी त्याच्या हाताला हिसका देऊन स्वतःला वर ओढलं, लुगड्याची माती झटकली आणि फळीवर बसून पोटरी चोळत बोलायला लागल्या.

"आयक. मशीन आण. मी दोन डाव बसलो तिच्यात, तू एक डाव बी नाई बसला, म्हणून मशीनीचं मी सांगतो, आण. पोरं त्याच्यात बसतीन, बसू दे. पण या खड्ड्यात माती पडणार नाई. शामलाले मी पाय दाबणं शिकवलं, आता पाय उचलणं शिकवतो. ते जास्त कठीण हाय. अन् मशीनले जागा पाह्यजे तं तुही ऑफिसची खोली पाड. तू बंद खोलीत बसून जमाना पाह्यतं, अन् मायले दोन शब्द सांगाले भेतं. तुही खुर्ची उद्यापासून या मांडवात, मागच्या ओळीत. लोकं कुठं हसले, कुठं उठले, रोज येऊन मले सांगजो. मले राग येईन. येऊ दे. तरी सांगजो."