छेरछेराच्या दिवशी

मी आज जी काही आहे ती आईच्या उपासांमुळे. रेल्वेत गँगमन असलेले बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. रायपूरजवळच्या एका खेड्यात आईनं दुसऱ्यांच्या शेतात भाताची रोवणी केली, पंडरीच्या कापडबाजारातून आणलेले तुकडे जोडून मला फ्रॉक शिवले, आणि रात्रभर पाण्यात भिजलेला भात सकाळी मला वाढताना आपलं खाणं झालंय असं ती रोज खोटं सांगत राहिली. दिल्लीत शिकून मी परतले तेव्हा राज्य नवं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि आपल्या हातून एक तरी मूल उपासातून सुटावं, असं मला फार मनापासून वाटत होतं.

पौषी पौर्णिमेला, छेरछेराला, मुलं झोळ्या घेऊन दारोदार नवं धान मागतात. रायपुरात आई आणि मी राहायचो त्या तेलीबांध्याच्या फ्लॅटवरही सकाळपासून घोळके येऊन गेले. दुपारी सातेक वर्षांची एक मुलगी एकटीच आली. तिच्या फ्रॉकच्या दोन बाह्या दोन कापडांच्या होत्या. धान देऊन तिला वाटेला लावायचं सोडून मी तिला आत बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं.

"इथंच राहा. मी तुला शाळेत घालते."

"मले जाऊ द्या, दीदी. माय वाट पाहून राहिली."

"आधी जेव तरी."

"मायनं नाही खाल्लं."

आणखी भाजी आणायला मी स्वयंपाकघरात गेले. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. सकाळी माझ्याबरोबर पोटभर पोहे खाल्लेल्या आईचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, काय होतंय?"

"पोट्टी धान घेऊन आली नाही अजून," ती क्षीण आवाजात म्हणाली. "कोणी बसवून ठेवलं असन. लोकायच्या लेकराले असं काहून अडवते बाप्पा?"

मी बाहेर आले. मुलगी ताटाला न शिवता बसून होती. मी तिची झोळी शिगोशीग भरली आणि दार उघडलं. झोळी कमरेवर घेऊन ती जिना धावत उतरून गेली.

आत भात रटरटू लागला. थोड्या वेळानं आई बाहेर आली. तिचा चेहरा टवटवीत झाला होता, जेवलेल्या माणसाचा. तिनं डोक्यावरून पदर घेतला, वाफाळतं ताट दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवलं आणि जरा दूर, अदबीनं बसली.

"तुमच्यानं आज आमची चूल पेटली. जेवा, दीदी," ती म्हणाली. "तुमची माय कुठी राह्यते?"