उतरणीचा दोर

बसा मित्रांनो. माझ्यावर नको, बाजूला बसा. मी दोर हाय, आंबेनळी घाटाच्या खालच्या अंगाच्या एका गावातला जुना दोर. खुंटीला टांगला तरी मी वळवळतो. लोक म्हणतात, वारा हाय. वारा कसला? माझा पीळच मला गप बसू देत नाय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाय, असं ज्याच्याबद्दल म्हणतात ना, तो सुंभ माझा सख्खा काका.

मला गावच्या कुशाबानं अंबाडीच्या वाखातून वळला. वळताना माझं एक टोक त्याच्या अंगणात होतं आणि दुसरं पार महाबळेश्वरच्या बाजारात. तिथल्या बायांनी त्यावर लुगडी वाळत घातली. खोटं वाटत असेल तर कुशाबाला विचारा. तो माझ्यापेक्षा मोठ्या थापा मारतो.

आमच्या गावात दहावी झाली, मिशी फुटली म्हणून कुणी मोठं होत नसे. चैत्रात घारकड्यावर उतरण करावी लागे. म्हणजे काय? माझ्यावर लटकून कडा उतरायचा, कपारीतल्या सातेरी मधमाश्यांच्या पोळ्याचा तळहातावर मावेल एवढाच तुकडा घ्यायचा, बाकीचा माश्यांना ठेवायचा आणि वर यायचं. उतरण केलेल्या पोराचा, पोरीचा शब्द मग घरात बापालाही ऐकावा लागे.

खरी मेख पुढंच हाय. वर दोर धरायचा कुणी? बापानं नाय, सख्ख्या भावानं नाय. ज्याच्याशी तुमचा अबोला, त्यानं! त्याचं नाव घेऊन हाक मारायची, तेव्हाच त्यानं मला हात लावायचा. कुशाबा म्हणायचा, "मायेचं माणूस घाबरतं. वैऱ्याला घाबरायची सोय नाय. दोर सुटला तर सगळं गाव त्याच्याच तोंडाकडं बघतं."

किती पोरं उतरवली मी! गोमाजी तर एवढा जाड होता, की तो खाली जायच्या ऐवजी कडाच वर येऊ लागला. बांधावरून वर्षभर न बोलणारे सोनबा आणि रावजी उतरण झाल्यावर एका ताटात जेवले. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, एरंडेलाची मालिश व्हायची. पण मला चैत्राचीच घाई. माघापासूनच मी खुंटीवर चुळबुळायला लागायचो.

दोन हजार तीन साली उतरणीची पाळी आली प्रियदर्शिनीची. नाव लांब, नाक त्याहून लांब आणि हट्ट सगळ्यांत लांब. तिचा चुलतभाऊ राजेश पोलादपूर ते महाड जीप चालवायचा. पोरगी एकदा क्लास बुडवून मैत्रिणीबरोबर महाडजवळ सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेली आणि राजेशनं ते घरी सांगितलं. तिच्या बापानं मुंबईहून फोनवर फर्मावलं, "दहावी झाली की बास. महाडचं कॉलेज नाय." तेव्हापासून ती राजेशशी बोलत नव्हती. आता उतरण केली तर तिचा शब्द चालणार होता, कॉलेज परत मिळणार होतं. पण त्यासाठी राजेशला हाक? छे! त्यापेक्षा कडा कोसळलेला बरा.

मग तिनं काय केलं? मैत्रिणीशीच खोटा अबोला धरला! मैत्रीण म्हणजे महेक, हैदर ट्रकवाल्याची पोरगी, सवला बरोबर गेलेली तीच. दिवसभर दोघी तोंडं फुगवून फिरायच्या आणि संध्याकाळी माझ्या खुंटीखाली बसून एक कैरी दोघींत खायच्या. मी सगळं बघत होतो. पण तेव्हा मला विचारतंय कोण?

उतरणीच्या सकाळी गाव कड्यावर जमलं.

"कुणाशी अबोला गो?" कुशाबानं विचारलं.

"महेकशी. तिनं माझी ओढणी फाडली."

"फाडली नाय, उसवली!" महेक म्हणाली आणि जीभ चावली.

लोक हसले. कुशाबानं दोघींकडं रोखून बघितलं, पण घेतलेलं नाव मागं फिरत नाय. मागं राजेश उभा होता. दोर धरणारे तळहाताला राख चोळतात, तशी त्यानं चोळून ठेवली होती. त्यानं ती गुपचूप पँटीला पुसली.

मला ऐनाच्या झाडाला वेढे दिले. महेक हळूहळू सोडत गेली, प्रियदर्शिनी उतरत गेली. तुकडाही हाती आला. तेवढ्यात एक माशी पापणीला डसली आणि ती किंचाळली, "आई गं!"

झालं! महेकचा जीवच उडाला. तिनं मला आडवाच हिसका दिला. मी काठावरच्या गुळगुळीत खाचेतून निसटून धारदार दगडावर गेलो आणि माझा एक पदर तटकन तुटला.

"ओढू नको! धरून ठेव नुसता!" कुशाबा ओरडला.

"ती पडंल हो कुशाकाका!" महेक रडायला लागली, पण सोडलं नाय पोरीनं.

कुणीतरी काठावर पालथं पडून मला दगडावरून उचलायला हवं होतं. म्हाताऱ्या कुशाबाच्या हातात तो जोर राहिला नव्हता. राजेश धावला, पोटावर पडला, आणि त्याचा हात माझ्यापासून वीतभर लांब थांबला.

"हाक मार गो मला!"

"तू चुगली केलीस!" खालून आवाज आला.

"केली! परत करीन! आधी वर ये!"

"माझं कॉलेज गेलं तुझ्यामुळं!"

"लटकून भांडतेस काय, भवाने! नाव घे माझं!"

माझा दुसरा पदर धागा धागा सुटत होता. मला ओरडता येत असतं तर मीच हाक मारली असती.

"राजेशदादा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "दोर धर."

खरं सांगू? पहिलं अक्षर तिच्या तोंडात होतं तेव्हाच त्याचा हात माझ्याखाली शिरला होता. कुशाबाला नेमकी तेव्हाच शिंक आली, म्हणून त्याला काय दिसलं नाय. दगडानं राजेशच्या बोटांची सालटी काढली, पण त्यानं मला उचललं ते सोडलं नाय. मग सगळ्यांनी मिळून ओढली पोरीला वर.

डोळा सुजलेला, कोपरापर्यंत मध. रीतीप्रमाणं पहिला घास दोर धरणाऱ्याचा. तिनं तो राजेशच्या तोंडात कोंबला, आणि दुसरा हुंदके देणाऱ्या महेकच्या.

घरी जाऊन तिनं मुंबईला फोन लावला. "पप्पा, उतरण झाली. आता माझा शब्द. मी महाडला जाणार."

राजेशनं फोन ओढून घेतला. "काका, माझ्या जीपच्या पहिल्या फेरीनं नेतो तिला. क्लास बुडवला तर..."

"तर चुगली करशील, माहीत हाय," ती म्हणाली. जूनमध्ये ती कॉलेजला गेली.

मला मात्र परत कड्यावर नेलं नाय. निळा नायलॉनचा दोर आलाय. चांगला हाय, पण त्याच्या अंगात कुणाचा घाम मुरत नाय. मी कधी मांडवाला, कधी म्हशीच्या गळ्यात, आता नुसता खुंटीवर. उंदीर येऊन चाखून जातात.

मित्रांनो, जुन्या दोराला पावसात टाकू नका. वापरायच्या आधी त्याच्या पदरापदरावरून बोट फिरवा, कुठं विरलंय ते हाताला कळतं. आणि तुम्ही ज्याच्याशी बोलत नसाल, त्याचं नाव रोज एकदा तरी मोठ्यानं घेत जा. जिभेची सवय मोडली, तर कड्यावर हाक फुटायला फार वेळ लागतो हो, आणि तेवढा वेळ कुठलाच दोर देत नाय.